बगळीची कालवड

१० नोव्हेंबर
आंधळगावहून बगळीला आणलं. सकाळी पिकअप निघाली, मोहाडीत चहा, दुपारी भंडाऱ्याला आमच्या प्रयोगशाळेच्या गोठ्यात बांधली. सासूबाई सगळी वाट मागे तिच्याजवळ उभ्या. पुढे बसा म्हटलं तर, "पुढं बसून मी काय रस्ता पाहू? हे घाबरते." घाबरलेली कोणीच दिसली नाही. बगळी रवंथ करत होती.

गवळाऊ गाय, पांढरी, आता हाडं दिसतात. आमच्या लग्नाच्या वर्षी जन्मली. आजवर सगळे गोऱ्हेच झाले. मीना म्हणायची, हिला एक कालवड होऊ दे, ती आपल्या कारध्याच्या दारात बांधू. तीन वर्षांपासून बगळी गाभण राहत नाही. मीनाला जाऊन पाच महिने झाले.

धान निघाले की आई, म्हणजे सासूबाई, जवाहरनगरला सुधीरच्या क्वार्टरमध्ये राहायला जाणार. सुधीर म्हणजे मीनाचा भाऊ, फॅक्टरीत आहे. क्वार्टरमध्ये गाय चालत नाही. बगळी गोशाळेत जाईल. म्हणजे तिची कालवड प्रयोगशाळेत करून पाहायला माझ्याकडे हाच महिना.

निघताना आईंनी बगळीच्या कानात काही सांगितलं. मला म्हणाल्या, "फोटोपुढची उदबत्ती चुकू नका देऊ जी, जवाई. वरीसभर."
चुकवलेली नाही.

१२ नोव्हें.
थंडी पडली. ट्रंकेतून स्वेटर काढला. मीनाच्या फोटोखालच्या खुंटीवर टांगला, तिथेच कपडे असतात. उदबत्ती लावली, निघालो.

बगळीच्या अंडपेशी काढल्या. सोनोग्राफीवर पाहत आमच्या प्रमुख मॅडमनी सुई चालवली, मी नळी धरली. पाच मिळाल्या. दुसऱ्या गायींच्या मिळून पुष्कळ. बगळीच्या वेगळ्या ठेवल्या, मिसळल्या तर ओळखणार कशा.

मॅडमची सध्या वाढघटकांची चाचणी चालू आहे (इथे पुढे वा. घ. लिहीन). गायीच्या पोटात भ्रूणाला हे घटक आपोआप मिळतात. काचेच्या बशीत पोषक द्रवाचा थेंब, वरून तेल, बस. म्हणून निम्म्या थेंबांत वा. घ. टाकायचं, निम्म्यांत नाही, आणि फरक पाहायचा. कोणत्या थेंबात आहे ते फक्त मॅडमना माहीत.

मी विचारलं, बगळीच्या सगळ्यांना द्यायचं का?
"लांजेवार, तुमची गाय म्हणून नियम वेगळा?"
"नाही."
"मग?"
मग काही नाही. चिठ्ठ्या टाकल्या.

१४ नोव्हें.
काल फलन झालं. आज धुवून थेंबांत ठेवले. आता बघण्याशिवाय काम नाही आणि इनक्युबेटर सारखा उघडायचा नाही. दिवसभर हात रिकामे. व्हरांड्याची फरशी पुसली. सफाईच्या पुष्पाबाई रागावल्या, त्यांची फरशी.

आईंचा फोन.
"झाले का पिल्लं?"
"एवढ्यात कुठे. अजून एक-एक पेशी आहे."
"किती हायत?"
"पाच."
"एका जागी ठेवले ना? का एक इथं, एक तिथं?"
बरोबर विचारलं. वीस-पंचवीस एका थेंबात असले तर चांगले वाढतात. प्रत्येक जण काही ना काही सोडतो, ते शेजारच्याला लागतं. दोन-तीनच असले की मागे पडतात. वा. घ. म्हणजे ती उणीव भरून काढायची, एवढंच. हे सांगितलं.
"म्हंजे त्या अंड्याले बी संगत लागते. अन् तुमी कारध्याले एकटे भाकर टाकून राहिले. या ना इकडं चार दिवस."
काम आहे म्हटलं.
"काम तं हायेच."

१६ नोव्हें.
बगळीचे चार विभागले. पाचवा तसाच राहिला. चार पेशी, एकात सहा असाव्यात. आकार सारखा. मॅडम म्हणाल्या, म्हातारीचे असून छान आहेत.

संध्याकाळी घरी बसवेना. जुन्या पुलावर गेलो. वैनगंगेचं पाणी उतरलं आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आलो. ओळखीचे दोघं भेटले, कुठे निघाले विचारलं. कुठे नाही.

१८ नोव्हें.
थांबले. आठ पेशींवर. कालपर्यंत वाटलं उशीर होतोय. आज कडा काळपट.

आठ पेशींपर्यंत अंडपेशीने सोबत आणलेल्यावर चालतं. तिथून पुढे भ्रूणाला स्वतःचं चालू करावं लागतं. तेवढंच झालं नाही.

दुसऱ्या गायींचेही बरेच थांबले. मॅडमनी इनक्युबेटरच्या गॅसचा सिलिंडर तपासला. ठीक आहे.

आईंना कळवलं नाही.

१९ नोव्हें.
कळवलं. त्या म्हणाल्या, "बगळी जेवते ना?" जेवते म्हटलं. मग धानाचं बोलल्या.

२१ नोव्हें.
दुसऱ्यांदा काढल्या. सहा.

सकाळी मॅडमना म्हटलं, वा. घ. थोडं वाढवून पाहू. जास्त दिलं तर आठ पेशींच्या पुढे ढकललं जाईल.
"भाजीत मीठ दुप्पट टाकलं की दुप्पट चांगली लागते का हो?"
"नाही."
"जास्तीने भ्रूण फुगतो, आतून टिकत नाही. तुम्हीच मागच्या वर्षी नव्या मुलींना शिकवत होता."
होतो. मागच्या वर्षी.

बगळी मला पाहून मान वर करते. गोठ्यातल्या बाकीच्या कोणी करत नाहीत. माझ्या स्वेटरची बाही चाटत राहिली, सोडेना.

२२ नोव्हें.
प्रयोगशाळेची खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली आहे, थंडीने द्रवाचं तापमान हलतं म्हणून. शेजारच्या मावशी येऊन गेल्या घरी, डबा ठेवून. अर्धा राहिला.

जेवताना रेडिओ लावला, बंद केला. उठलो, बसलो. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं ते ठीक केलं. आता लागतं.

२४ नोव्हें.
विभागले. अजून सांगण्यासारखं नाही.

२५ नोव्हें.
विभागले होते, पण आज बघायला घेतले तर

२६ नोव्हें.
काल लिहून झालं नाही. पुन्हा आठ पेशी. बगळीचे सगळे. इतर गायींचेही, या वेळी जवळजवळ सगळे.

मॅडमनी प्रयोगशाळेचं दार लावून सगळ्यांना बाहेर उभं केलं. म्हणाल्या, वा. घ. असलेले थांबले, नसलेलेही थांबले. याचा अर्थ दोष त्यात नाही. असता तर एकच बाजू पडली असती. दोन्ही बाजूंना सारखं काय मिळतंय? पाणी, तेल, गॅस, हवा. पाणी आणि तेल नवीन घेतलं, गॅस तपासला. राहिली हवा. "कोणी अत्तर लावतं? फिनेल कोणतं वापरता? पुष्पाबाई, केसाला काय लावता?"
पुष्पाबाई म्हणाल्या, "खोबऱ्याचं तेल, मॅडम. अन् त्यात मोगरा. पन मी तं दाराच्या आत बी येत नाही, मोगरा कसा येईल?"
"आजपासून नको."
"नवऱ्याले काय सांगू? गायीच्या अंड्यांनी मना केलं म्हणून?"
सगळे हसले. मीही.

घरी आलो. स्वेटर काढला. डोक्यावरून निघताना लोकर नाकाशी आली.
उदबत्ती. नुसता उदबत्तीचा वास. वर ट्रंकेतल्या कापराचा.

तसाच हातात घेऊन बसलो. खोलीत खिडक्या बंद, खाली कपडे, वर फोटो, मधे धूर. जूनपासून लावतो आहे. तेव्हा खिडक्या उघड्या होत्या, इथल्याही, तिथल्याही. स्वेटर नव्हता. प्रयोगशाळेत वरून ॲप्रन घालतो, टोपी घालतो. आतले कपडे तेच. बशीवर सगळ्यात जास्त वेळ वाकतो तो मी.

२७ नोव्हें.
सकाळी उदबत्ती लावली. लावल्यावर लक्षात आलं. विझवली नाही.

अंगावर धुतलेला शर्ट, स्वेटर नाही, कुडकुडत गेलो. आत न जाता मॅडमना बाहेर बोलावून सांगितलं. त्या म्हणाल्या, खात्री नाही, पण शक्य आहे. धुरातलं तेलात उतरतं, तेलातून थेंबात. भ्रूणाला एवढंसं पुरतं.

"रोज लावता?"
"वर्षभर लावायची आहे."
"मी बंद करा म्हणणार नाही, लांजेवार. ते माझं काम नाही. बगळीचं शेवटचं काढणं सोमवारी. तोपर्यंत ठरवा. नाहीतर तुम्ही बाहेर थांबा, मी एकटी करते."

एकटीने होणार नाही, त्यांनाही माहीत आहे. आणि मला बाहेर थांबायचं नाही.

पुष्पाबाईंना सांगितलं की मोगऱ्याचा दोष नव्हता. "मले माहीत होतं," म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या. मग दारातून, "पन लावीन नाई आता. चांगलं दिसत नाई."

२९ नोव्हें.
आंधळगावला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

खळ्यावर धानाचं चुरणं, मळणी चालू. मशीनचा आवाज, तणसाचा धुरळा. आई डोक्याला फडकं बांधून पोती मोजत होत्या. मला पाहून हात थांबला.
"काहून जी जवाई, बगळीले काई झालं का?"
"बगळी बरी आहे."
"मंग तुमाले झालं."

घरी नेऊन बसवलं. चहा दिला. सांगितलं सगळं. आधी त्यांना पटेना.
"उदबत्तीनं कोनी मरते का? देवळात दिवसभर धूर रायते, पुजारी मेला?"
"पुजारी मोठा आहे, आई. हे आठ पेशींचं आहे."
"साधी वात चालते का मंग? तुपाची?"
"धूर कोणताच नको."
"सा मयने बी नाई झाले तिले. वरीसभर म्हटलं होतं मी." आवाज चढला. "तुमाले कंटाळा आला असन तं तसं सांगा. गायीवर कायले ढकलता?"
मी चहा संपवला. कप धुवायला उठलो तर हातातून ओढून घेतला.

मग बऱ्याच वेळाने मोरीजवळून बोलल्या, माझ्याकडे न पाहता. "तिले तरी कुठं चाले उदबत्ती. नवरात्रात मी लावली का हे शिंका देत आंगनात. बारा-पंदरा शिंका. तिचा बाप म्हने, हिले देवच नको हाय."
कप पालथा ठेवला.
"अन् मी तुमाले काय सांगतलं!"
पदर तोंडाला लावला. हसल्या. मला आठवलं, आमच्याकडेही सणाला ती उदबत्ती लावून झाली की चिमटीत विझवायची, मी समजायचो काटकसर. ते सांगितलं. आणखी हसल्या. मग दोघंही हसायचे थांबलो.

"तिथं काय ठेवान मंग?"
"काही नाही."
"काई नाई कसं? पानी ठेवा. पेलाभर, रोजचं ताजं. पान्याले वास नाई ना?"
"नाही."
"उदबत्ती मी लावीन इथी. सुधीरकडं गेली तं तिथं. वरीस पुरं होईल. तिले शिंका आल्या तं येऊ द्या."

निघताना पिशवीत नवे तांदूळ दिले. "अन् जवाई, बगळीले म्हनाव, एक तरी दे बापा."

३० नोव्हें.
कपडे सगळे धुतले, बिनवासाच्या साबणाने. खुंटी दुसऱ्या खोलीत ठोकली. उदबत्तीचे पुडे पुष्पाबाईंना देऊ म्हटलं, मग नको वाटलं. मारुतीच्या देवळात ठेवून आलो. भिंत पुसली. फोटोमागे धुराचा चौकोन उमटलेला, निघत नाही.

पेला ठेवला. स्टीलचा, नेहमीचा.

दिवसभर काही विसरल्यासारखं होत होतं.

१ डिसेंबर
शेवटचं काढणं. बगळी उभी राहिली शांत. चार अंडपेशी. फक्त चार. मॅडम म्हणाल्या, आता तिच्याकडे एवढंच.

आत जाताना सगळे कपडे बदलले, केस धुतलेले. नियमच केला मॅडमनी, सगळ्यांसाठी. बगळी बाहेर माझ्या हाताला हुंगत होती. चाटली नाही. तिला तो स्वेटरच आवडत होता बहुतेक.

चिठ्ठ्या पुन्हा. दोन-दोन.

४ डिसें.
चित्त नाही. थेंब उद्या बघायचे, तोवर हात लावायचा नाही. गोठ्यात गेलो, बगळीला खरारा केला. लाली नावाची संकरित गाय तिच्या शेजारी आहे, परवा माजावर येऊन गेली. भ्रूण झालाच तर तिच्या पोटात ठेवायचा.

५ डिसें.
तीन विभागलेले. आठ पेशी.
हेच आधीही दोनदा पाहिलं आहे.

६ डिसें.
एकात आठहून जास्त. मोजता येत नाहीत, एकावर एक. मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, बशी आत ठेवली. "बोलू नका," म्हणाल्या. मी बोललोच नव्हतो.

८ डिसें.
दोन पुढे गेले. एक मागे राहिला, कडा काळी. दोनपैकी एकाच्या मधे पोकळी दिसायला लागली. इतर गायींचेही या वेळी चांगले, पुष्कळ.

झोप नाही असं नाही, पण पहाटेच उठतो.

९ डिसें.
ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पोकळी धरलेला भ्रूण, एक. नीट. गोल, बाजूला पेशींचा दाट ठिपका, तोच पुढे वासरू. दुसरा पोकळी न धरता बसला.

मॅडमनी यादी काढली. नीट झालेला वा. घ. च्या थेंबातला. बसलेला बिन-वा. घ. चा. मी त्यांच्याकडे पाहिलं.
"एकावरून काही ठरत नाही," म्हणाल्या. "बाकीच्या गायींचे आकडे येऊ देत."
"हो."
"पण आनंद झाला तर होऊ द्या. तेवढ्याने चाचणी बिघडत नाही."

दुपारी लालीच्या पोटात ठेवला. नळी मी भरली. हात हलला नाही.

आईंना फोन केला.
"लालीच्या पोटात? मंग ते बगळीचं की लालीचं?"
"बगळीचं. लाली फक्त वाढवणार."
"म्हंजे मामाच्या घरी ठेवल्यासारखं. बरं हाय. कालवड ना?"
"सांगता येत नाही. निम्मं-निम्मं."
"निम्मं-निम्मं तं आमालेबी माहीत होतं जी. एवढं शिकून तुमी काय केलं?"

१४ डिसें.
आई जवाहरनगरला गेल्या. सामान कमी, तांदळाची पोती जास्त. सुधीरने फॅक्टरीच्या बस थांब्याजवळ टेम्पो लावला. देव, मीनाचा लहानपणीचा फोटो आणि उदबत्तीचा डबा त्यांनी मांडीवर ठेवला होता.

बगळी आज गोशाळेत गेली. मी सोडायला गेलो. दावं दुसऱ्याच्या हातात दिलं. मागे वळून पाहिलं तर ती दुसरीकडे पाहत होती, तिथं चारा होता.

गोठ्यात तिची जागा रिकामी. लाली त्या बाजूला सरकून उभी राहते.

१८ डिसें.
मॅडमनी सगळ्यांचे आकडे मांडले. वा. घ. ची बाजू थोडी वर. फार नाही. थोडे भ्रूण एका थेंबात असतात तिथे फरक जास्त दिसतो, पुष्कळ असतात तिथे जवळजवळ नाही. म्हणाल्या, पुन्हा करावं लागेल, स्वच्छ हवेत.

स्वेटर धुऊन धुऊन आटला आहे. तरी घालतो.

२२ डिसें.
उद्या-परवा कळेल. लाली पुन्हा माजावर आली तर गेलं. नाही आली तर अजून नक्की नाही, सोनोग्राफी जानेवारीत. पण नाही आली तर बरं.

गोठ्यात चार वेळा गेलो. पुष्पाबाई म्हणाल्या, "सायेब, तिले लाज वाटत असन."

२३ डिसें.
सकाळी लाली शांत. दुपारी शांत. संध्याकाळी एकदा हंबरली. गेटवर चाऱ्याची गाडी आली होती, त्याने असेल. सगळ्याच हंबरल्या. उभा राहिलो बराच वेळ. पुन्हा हंबरली नाही. बसली, रवंथ करायला लागली.

घरी आलो. आईंचा फोन आलाच.
"गाभ रायला का?"
"अजून सांगता येत नाही."
"माजावर तं नाई आली?"
"आज नाही."
"मंग आज नाई तं नाई. उद्याचं उद्या." मागे सुधीरच्या पोरांचा आवाज. "मी आत्ताच लावली उदबत्ती. सुनबाई खोकून राहिली, म्हने खिडकी उघडा. उघडली. जेवले का?"
"जेवतो."
"जेवा."

नवे तांदूळ संपत आले. कुकर लावला. शिटी होईपर्यंत फोटोजवळचा पेला उचलला, कालचं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. पेला विसळला, बाहेरून पुसला. माठातलं पाणी भरलं, ठेवला.